बेचाळीस वह्यांत गेलेलं पान

नाही, नाही, बॅग नका भरू इतक्यात. पाच मिनिटं बसा. ते स्टूल नको, त्याचा एक पाय आखूड आहे — पावणेदोन सेंटिमीटरनं, मोजलेला आहे, कुणी मोजला तेही सांगते. इकडे बसा. मधली सुट्टी चालू आहे, तोवर प्रयोगशाळेत कुणी फिरकत नाही. मोठ्या बाईंना कागद द्यायचाय ना? द्या की, मी कुठे अडवतेय — आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात — फक्त द्यायच्या आधी एकदा माझ्याशी बोला, एवढंच. तुम्ही कंपनीची माणसं, त्या टॅबमधल्या वहीच्या पोटात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक. आम्ही काय, तुम्ही दाखवाल ते बटण दाबणाऱ्या. माझं म्हणणं इतकंच, की वही आपोआप असं करू शकते. शकते ना? गेल्या सहामाहीत एकाची आकृती दुसऱ्याच्या वहीत उमटली होती, तेव्हा तुमच्याच माणसानं येऊन हात जोडले होते. मग तेव्हा शकत होती आणि आता शकत नाही, असं कसं? ... तसं नाही म्हणालात तुम्ही. बरं. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, खरं आहे. आल्यापासून माझा लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसलात वीस मिनिटं, हूं नाही की चूं नाही, आणि मी इथे परीक्षानळ्या पुसत उभी — पुसून पुसून त्यांची कळा गेली.

म्हणजे बघा, आमच्याकडे ती वही कशी चालते ते सांगते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल. सातवीचा वर्ग माझा. बेचाळीस मुलं, बेचाळीस टॅब. प्रत्येकाची आपापली वही, आणि ती दोघांनाच दिसते — ज्याची त्याला, आणि मला. तिसऱ्याला नाही. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुमच्याच माणसानं सांगितलेलं वाक्य होतं ते. आणि एखादं पान सगळ्यांना द्यायचं झालं — प्रश्न असतील, रिकामा तक्ता असेल — तर वर ते 'सर्वांना पाठवा' असतं ते दाबायचं. दाबलं की बेचाळीस प्रती बेचाळीस वह्यांत. गेल्या की गेल्या, परत येत नाहीत, प्रत ज्याची त्याची होते. ही सोय खरी शिक्षकाला, पण गटकाम करताना मी ती मुलांनाही चालू करून दिली, आणि बंद करायची राहून गेली. राहून गेली म्हणजे राहून गेली, त्यात काही मनात नव्हतं. तर मागच्याच्या मागच्या मंगळवारी एका मुलीचं पान असं सगळ्या वह्यांत जाऊन बसलं. कुणी पाठवलं? उत्तरं तीनच. वहीनं, त्या मुलीनं, नाहीतर मी. ह्यातलं एक तुमच्या कागदावर येणार. आणि आलं की काय होणार ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतेय. ती मुलगी शाळेच्या बसड्रायव्हरची. बापाची नोकरी म्हणून तिला इथे जागा मिळालेली. बाप गेला नोकरीवरून. मोठ्या बाई म्हणाल्या, मुलीची चूक नसेल तर दहावीपर्यंत ठेवून घेऊ, आपण काही राक्षस नाही. पण तिनंच घरची गोष्ट गावभर केली असेल तर उद्या ती आणखी कुणाचं काय बाहेर काढेल — असली मुलगी नको. म्हणजे तुमच्या एका ओळीवर तिची शाळा आहे. कळलं? म्हणून म्हणते, वहीनं केलं असं लिहा. वहीला कुठे घर आहे, वहीला कुणी शाळेतून काढत नाही.

तुम्हाला वाटेल, ह्या बाई मुलीसाठी इतक्या का तळमळतायत. तशीच आहे ती. वर्गात तिला मोजपट्टी म्हणतात. मुलंच म्हणतात, आणि तिला राग नाही त्याचा, उलट पट्टी खिशात घेऊनच फिरते. स्टुलाचा पाय तिनंच मोजला. फळ्याची लांबी, खिडकीत ऊन किती वाजता कुठे येतं, माझी साडी — एकदा मला म्हणाली, बाई, तुम्ही एका तासात चारशे अकरा पावलं चालता. म्हटलं, बाळ, तू धडा ऐकत होतीस का पावलं? तर म्हणाली, दोन्ही. आणि खरंच दोन्ही. मी धडा विचारला, घडाघडा सांगितला. एकवीस वर्षं शिकवतेय मी. अशी मुलं किती आली असतील? बोटावर मोजण्याइतकी. बाकीची येतात, मोठी होतात, रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवते आणि नाव आठवत नाही. हिला मी विसरणार नव्हते — म्हणजे ह्या सगळ्याच्या आधीसुद्धा.

डोळ्याचा धडा होता. मी प्रयोग दिला. तसा पुस्तकात नाही तो, माझाच — आता वाटतं, कशाला शहाणपणा केला. वहीत एक अक्षरांचा तक्ता टाकला, डॉक्टरकडे भिंतीवर असतो तसा. टॅब उभा ठेवायचा, तीन मीटरवर घरातल्या एका माणसाला बसवायचं, आधी डावा डोळा झाकायला लावायचा, मग उजवा, कुठल्या ओळीपर्यंत वाचता येतं ते लिहायचं. संपलं. मुलांनी काय केलं? निम्म्यांनी आजीला बसवलं आणि सगळ्या ओळी बरोबर लिहून टाकल्या, कारण आजी रागावली. एकानं मांजराला बसवलं. मी हसत हसत तपासत होते, कुकर लावला होता, टॅब ओट्यावर. आणि तुम्ही वहीत ती सोय ठेवली आहे ना, मूल लिहीत असताना मला त्याचं लिहिणं चालताना दिसतं — संध्याकाळचे सात वाजले असतील — ती लिहीत होती. तक्ता भरलेला होता, खाली शेरा लिहीत होती. लिहायची, खोडायची. परत लिहायची. जवळजवळ पाऊण तास. माझ्या कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या मला कळलं नाही. कागदाच्या वहीत खोडलेलं खोडलेलं असतं हो, माझ्यापर्यंत येतं ते झाल्यावरचं. इथे मला तिचं घाबरणंसुद्धा दिसत होतं.

काय लिहिलं होतं? तुम्ही वाचलं असेलच, सगळ्यांनी वाचलंय. डावा डोळा, सहावी ओळ, उत्तम. उजवा डोळा — इथे तिनं लिहिलं होतं की बाबांनी धडाधड पाच ओळी वाचल्या, पण त्यातलं एकही अक्षर तक्त्यात नव्हतं. तिनं विचारलं, बाबा, हे कुठलं वाचताय? तर बाबा हसले, म्हणाले, डॉक्टरकडचा तक्ता पाठ आहे गं, दरवर्षी तोच असतो. आणि मग ती थांबली का? तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. तिनं टॅब पुढे आणला. दोन मीटर — काही नाही. एक मीटर — काही नाही. अर्धा मीटर — तिचा हात हलतोय एवढं कळतं, बोटं किती ते कळत नाही. चारही ओळी पट्टीनं आखून, सुवाच्य. इतकं सुंदर निरीक्षण माझ्या अख्ख्या नोकरीत कुणी आणून दिलं नाही. आणि खाली तो शेरा. 'बाबा गाडी चांगली चालवतात. नऊ वर्षांत एकही अपघात नाही. बाई, हे कुणाला सांगू नका हं.'

मी काय केलं? मी बरोबरची खूण केली. हो, ती खूण — लाल, पानाच्या कोपऱ्यात. दुसरं काय करणार होते, सांगा ना. कुकर बंद करायचा होता, नवरा विचारत होता जेवायला बसायचं का. बोट खाली टेकलं, खूण उमटली. आणि पलीकडे तिनं ती बघितली असणार, कारण तिचं लिहिणं थांबलं आणि ती वहीतून गेली. माझ्या दृष्टीनं त्या खुणेचा अर्थ काय? तपासलं. तिच्या दृष्टीनं? बाईंनी शब्द दिला. ते मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकते. म्हणतेही लोकांना. पण मला त्याच क्षणी कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंकडे जायचं आणि सांगायचं, त्रेपन्न मुलं त्या बसमध्ये बसतात आणि चालवणाऱ्याला उजवीकडचं दिसत नाही. बरोबर आहे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच त्याला सोलून काढलं असतं. मी गेलेही होते, दारापर्यंत. पण सांगायचं म्हणजे काय दाखवायचं? ते पान. पान दाखवलं की तिला कळणार बाईंनी दाखवलं, दुसऱ्या कुणाला ते दिसतच नाही. मग म्हटलं, बापाशीच बोलावं. बसवाले काका — सगळे त्यांना काकाच म्हणतात — गेटपाशी उभे होते, पहिलीच्या पोरांना काखेत धरून एकेक खाली उतरवत होते. पायरी उंच आहे त्या बसची. नऊ वर्षं ते असं उतरवतात, मावशी असते बसमध्ये पण हे स्वतः उतरवतात. मला बघून म्हणाले, बाई, आमची पोर प्रयोग करते घरी, आम्हाला बसवून ठेवते, तुमच्या कृपेनं. मी म्हटलं, हुशार आहे. आणि आत आले. झालं बोलणं.

एकोणीस दिवस गेले असे. रोज वाटायचं उद्या. मोठ्या बाईंना निनावी पत्र टाकावं असंही मनात आलं, पण माझं अक्षर त्यांना ओळखू येतं, आणि टाइप करून पाठवायचं तर इतक्या सुबक भाषेत फक्त शिक्षकच लिहितात. हसू नका. ... नाही हसलात, मलाच वाटलं. आणि रोज सकाळी ती बस यायची, त्रेपन्न मुलं उतरायची, मी खिडकीतून मोजायचे. बावन्न खरं म्हणजे. ... बावन्न का? माझा धाकटा पहिलीत आहे, ह्याच शाळेत. तो माझ्याबरोबर यायला लागला होता. स्कूटरवर. ... हो, तेव्हापासूनच. दुसऱ्या दिवसापासून. त्याला सर्दी होती म्हणून — सर्दी होती, खोटं नाही सांगत, पण एकोणीस दिवस कुणाला सर्दी असते? माझं स्वतःचं पोर मी काढून घेतलं आणि बाकीच्यांची खिडकीतून मोजत बसले. हे मी अजून कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही, त्याला वाटतं पेट्रोल उगाच जाळतेय. तुम्ही हे लिहीत नाही ना? ... बरं.

मग त्या सोमवारी आरसा तुटला. बसचा, उजव्या बाजूचा. गेटमधून आत वळताना खांबाला घासला आणि निखळून पडला, काच आत खिडकीपर्यंत उडाली. कुणाला लागलं नाही. काका उतरले, काच गोळा केली, म्हणाले, खांबच पुढे आला होता, आणि पोरं हसली. सगळी हसली, एक सोडून. ती नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची, त्या दिवशी ती उतरली आणि सरळ माझ्याकडे बघितलं, व्हरांड्यात उभी होते मी.   दोघींना माहीत होतं आणि दोघी गप्प. फरक एवढाच, ती बारा वर्षांची होती आणि तो तिचा बाप होता. माझा तो कोण होता?

म्हणून मंगळवारी — हो, आता ते सांगतेच, नोंदी तुमच्यासमोरच आहेत, तुमच्यापासून काय लपवायचं. चौथा तास, मुलं खेळायला मैदानावर, मी इथेच ह्याच टेबलाशी. रिकामा तक्ता पाठवायचा होता पुढच्या प्रयोगाचा. यादीत दोन पानं एकाखाली एक, रिकामा तक्ता आणि तिचा तक्ता, दिसायला सारखेच. मोठ्या बाईंना मी हेच सांगितलं, की माझं काही चुकलं असेल तर गडबडीत, घंटा होत आली होती, पण मला तर मी काही दाबल्याचं आठवत नाही, मशीनचंच काहीतरी झालं असेल. घंटा होत आली होती हे खोटं. घंटेला पंचवीस मिनिटं होती. वही दोनदा विचारते, तुम्हाला माहीतच आहे — हे पान पाठवायचं का, आणि मग परत, बेचाळीस जणांना जाईल, नक्की का? पहिल्याला मी हो म्हटलं ते समजा चुकून. समजा. पण दुसरा प्रश्न समोर आला तेव्हा त्याच्यामागे पान दिसत होतं, तिच्या अक्षरातलं, माझी लाल खूण असलेलं. दोन्ही हो-च्या मध्ये चार मिनिटं आहेत. तुम्ही ते बघितलंच असणार. चार मिनिटं काय करत होते? काही नाही. काका खाली बस धूत होते, नव्या आरशाला फडकं मारत होते. उजव्या बाजूनं एक पोरगं धावत गेलं, त्यांना कळलं नाही, पाणी उडालं त्याच्यावर. मी इतकाच विचार केला, की हे पान आपोआप गेलं तर कुणीच सांगितलं असं होणार नाही. ना मी शब्द मोडला, ना मी गप्प बसले. आपलं गेलं. आणि दाबलं. मोकळं वाटलं मला, ऐकताय? एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा जेवण गेलं त्या दुपारी.

पान गेलं ते टॅबबरोबर घरोघर गेलं, संध्याकाळी अभ्यास बघताना आईबापांनी वाचलं, आणि सात-साडेसातपर्यंत एकूण एक घरात पोचलं. बुधवारी सकाळी बस गेटात शिरायच्या आधीच तीसएक पालक उभे. मी ह्या खिडकीत होते. त्यांची चूक नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही — असो. एकानं दार उघडून किल्ली काढून घेतली. दुसऱ्यानं दंडाला धरून खाली ओढलं त्यांना, तिसऱ्यानं डोळ्यांसमोर बोटं नाचवली, सांग किती आहेत, सांग. उजव्या बाजूनं उभा राहून. काका मान वळवून बोटांकडे बघायला गेले, डाव्या डोळ्यानं, तर तो माणूस ओरडला, वळायचं नाही. पोरं सगळी बसमध्ये, काचेला नाकं लावून. आणि ती त्या मागच्या सीटवरून उठली, पायरीवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या हातून गेलं ते पान, बाबा, चुकून गेलं. बापाला सांगत होती. बापानं तिच्याकडे बघितलं, बस्स, बघितलं. त्यानंतर तो तिच्याशी बोलत नाही असं नाही, जेव म्हणतो, पाणी दे म्हणतो. ती म्हणाली मला. आता एका गॅरेजात गाड्या धुतो, बसून असतो उरलेला वेळ. आई शिवणाच्या कारखान्यात जाते, तिला ओव्हरटाइम घ्यावा लागतो. त्याला थांबवायला हवंच होतं हो. त्यात माझ्या मनात शंका नाही. कधीतरी तो एखाद्याला — तुम्हाला पण मुलं असतील. थांबला ते बरंच झालं. पण ते काय असं?

मी तिला इथे बोलावलं, ह्याच स्टुलावर बसवलं. म्हटलं, तुझ्या हातून गेलं असं कशावरून? तर म्हणाली, त्या दिवशी सकाळी मी ते पान उघडलं होतं, तेव्हाच बोट लागलं असणार. मी म्हटलं, अगं, वही दोनदा विचारते, तुला आठवतं का दोनदा हो म्हटल्याचं? आता हे मी का विचारलं? तिला सुटायला वाट द्यायला? का तिला नक्की काय माहीत आहे ते बघायला? दुसरं. दुसरंच. ती विचार करते तेव्हा बोटं पट्टीवर फिरतात, पण त्या दिवशी पट्टी नव्हती तिच्याकडे. मग म्हणाली, आठवत नाही बाई, पण दाबलं असणार मीच. ते पान दोघींनाच दिसतं, तुम्हाला आणि मला. आणि तुम्ही करणार नाही.

तुम्ही करणार नाही. एवढ्याच शब्दांत. त्यावर मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हालाही कळतं, मलाही कळतं, शेंबड्या पोरालाही कळेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, होतं असं, जाऊ दे. जाऊ दे! तेव्हापासून ती वहीत काही लिहीत नाही. वही उघडते, मला दिसतं ती आलेली, पान कोरं, आणि ती तिथे नुसती असते. तासभर सुद्धा. मीही इकडे ते पान उघडून बसते. दोघीच असतो आम्ही त्या पानावर आणि कुणी काही लिहीत नाही. परवा मी तिथे तिला लिहायला घेतलं होतं. 'बाळ, ते पान' — इतकं लिहिलं आणि खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. पलीकडे तिला ते चालताना दिसत नाही ना? मुलांना शिक्षकांचं खोडलेलं दिसत नाही, असं तुमच्या माणसानं सांगितलं होतं. ... दिसतं? ... कधीपासून?

बरं. असू दे. ते असू दे. मुद्द्याचं बोलू. तर तुमच्या त्या नोंदींत माझं नाव आहे, वेळ आहे, चार मिनिटं आहेत, तुम्ही तुमचं काम केलंत, तुमच्यावर माझा राग नाही. मी फक्त विनंती करतेय. वहीत बिघाड झाला एवढी एक ओळ लिहिलीत तर ती मुलगी वाचते आणि मीही. दोघी वाचतो. तुमच्या कंपनीचं काय जाईल? तुम्ही दर दोन महिन्यांनी बिघाड सुधारता, त्यात आणखी एक. मी काय तुम्हाला खोटं लिहायला — हो, खोटंच लिहायला सांगतेय. पण त्यानं कुणाचं —

काय? ... हो, दाखवा की. माझा चष्मा कुठे गेला, थांबा. ... हे? ही शेवटची ओळ? 'पान विद्यार्थिनीकडून अनवधानाने पाठवले गेले, यंत्रणेत दोष आढळला नाही.' ... हे कधी लिहिलंत तुम्ही? आत्ता तर इथून हललाही नाहीत. ... यायच्या आधीच? ऑफिसातून छापून आणलं? ... मग वीस मिनिटं माझ्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून काय बघत होतात? ... अपडेट. अपडेट घालत होतात. आणि नोंदी? ... एकही नाही उघडली? ... मोठ्या बाईंनी फोनवर सांगितलं. काय म्हणाल्या त्या? ... बरोबर आहे. मुलीची चूक झाली की शाळेची नाही, आणि कंपनीचीही नाही. पुढच्या वर्षी आणखी दोन वर्गांना टॅब घ्यायचेत. बरोबर आहे त्यांचं.

म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. आणि मी इथे बसून... नाही, तुम्ही कुठे विचारलंत. तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. मीच बोलत सुटले.

आता बदलता येईल का हे? ... मी लेखी दिलं तर. माझ्या सहीनं, काय झालं ते. मग तुम्ही नोंदी उघडाल, जोडाल, नवा कागद कराल. ... दहा मिनिटांचं काम. आणि तुम्हाला मोठ्या बाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघाल. बरे आहात हो तुम्ही. खरंच सांगते, चेहऱ्यावरून वाटलं नव्हतं. एकवीस वर्षं झाली मला इथे, घराचे हप्ते, धाकटा आता कुठे पहिलीत, त्याचीही शाळा हीच, आणि नवऱ्याला ती स्कूटरची गोष्ट... तुम्हाला हे सांगून काय उपयोग. ती हुशार आहे. हुशार मुलं कुठल्याही शाळेत पुढे येतात. पलीकडच्या वस्तीत एक शाळा आहे, चांगली आहे म्हणतात, तिथे टॅब नाहीत, कागदाच्याच वह्या आहेत. तिला कदाचित तेच बरं पडेल. नाही का? ... 

ह्या तुमच्या छापील कागदावर काय लागतं, खाली? ... वर्गशिक्षकाची सही. हो, ती मीच. ... पेन द्या. ... तारीख? आजचीच घालते. ... घ्या.

घंटा झाली बघा. निघा तुम्ही आता, मोठ्या बाई वाट बघत असतील. माझा सातवीचा तास आहे, मुलं रांगेत येऊन उभी राहिली असतील दारापाशी. सगळ्यात पुढे दोन वेण्यांची एक असेल, ती बाजूला सरून तुम्हाला वाट देईल. तिच्याशी काही बोलू नका.